पुस्तकं पाहुणी गेली तेव्हा

शाळेतल्या ग्रंथपाल बाईंना सगळे शूबाई म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, शिक्षक चहा पिताना म्हणत, आणि शिपाईमामा तर एकदा तोंडावरच म्हणून गेला होता. मग दिवसभर तो त्यांच्या समोर यायचं टाळत होता. बाईंनी मनावर घेतलं नाही. ओठांवर बोट ठेवून ‘शू’ म्हणण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. वाचनालयाच्या दारात त्यांनी नुसती मान वर केली तरी पाचवीतली पोरं श्वास रोखून धरत. भिंतीवरची पाल चुकचुकली तर बाई तिच्याकडेही डोळे वटारून बघतात, असं मुलं सांगत. ते खोटं असणार, पण पैज लावायला कुणी तयार नव्हतं.

वाचनालय म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना काचेची कपाटं, मधे लांब टेबल, खिडकीपाशी बाईंची खुर्ची. प्रत्येक कपाटाला कुलूप, आणि किल्ल्यांचा जुडगा बाईंच्या कमरेला. पुस्तक हवं असेल तर मुलाने काचेला नाक लावून बघायचं आणि बोटाने दाखवायचं. मग बाई उठणार, किल्ली शोधणार, पुस्तक काढून पुसणार, मुलाचे हात उलटेसुलटे करून बघणार, रजिस्टरात नोंद करणार, आणि एवढं झाल्यावर ते पुस्तक मुलाच्या हातात पडणार. तोवर तास संपलेला असे. काचेवर नाकांचे ठसे रोज नवे उमटत आणि बाई ते रोज पुसत.

बाई वाईट होत्या असं मात्र कुणी समजू नये. त्यांचा पुस्तकांवर जीव होता, आणि जीव असला की माणूस काय करतो? जपतो. त्या जरा जास्तच जपत, इतकंच.

या शाळेत त्या आल्या होत्या शिवणाच्या बाईंच्या जागी, थोड्या महिन्यांपुरत्या. शिवणाच्या बाई परतल्या तेव्हा आता हिला बसवायची कुठे म्हणून त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी ही बंद खोली दाखवली. कपाटांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत याचा कुणालाच पत्ता नव्हता. शेवटी फाटकासमोरच्या कुलूपवाल्याला बोलावलं. सडपातळ, अबोल, तरुण माणूस. त्याने पहिलं कपाट उघडलं, तर आतून एक जाडजूड निळं पुस्तक थेट त्याच्या पायाच्या अंगठ्यावर आदळलं. तो कळवळून खाली बसला. पुस्तक समुद्रातल्या सफरींचं होतं आणि वर शिडांच्या जहाजाचं चित्र होतं. दुखणं विसरून तो ते चित्र बघत राहिला.

“नेऊ का वाचायला?” त्याने विचारलं.

“नोंद झालेली नाही अजून. देता येणार नाही,” बाई म्हणाल्या.

तो हसला. पुस्तक आत ठेवलं, उरलेली कपाटं उघडली आणि सगळ्यांना नवी कुलपं बसवून दिली. पुढे बाईंचं लग्न त्याच्याशीच झालं. शिक्षक गंमत करायचे की कुलूपवाल्याने पुस्तकांना कुलूप लावलं ते लावलं, वर किल्लीवालीलाही घेऊन गेला. निळं पुस्तक त्याने पुन्हा कधी मागितलं नाही. आणि शाळेचं पुस्तक घरी न्यावं, हे बाईंच्या नियमात बसत नसल्यामुळे त्यांच्या डोक्यातही कधी आलं नाही.

दर वर्षाच्या शेवटी शाळेत वरून फतवा यायचा: नववर्षानिमित्त वाचनालयात उपक्रम घ्या आणि फोटो पाठवा. मग पुठ्ठ्याचं झाड उभं राहायचं. त्याला कागदी पानं, आणि प्रत्येक पानावर एका मुलाचा संकल्प: ‘मी रोज वाचेन’, ‘मी पन्नास पुस्तकं वाचेन’. संकल्प लिहायला अक्षर बरं असलं की पुरतं. महिनाभरात गोंद सुटायचा, झाडाची पानगळ व्हायची आणि शिपाईमामा सगळे संकल्प झाडूने गोळा करून टोपलीत टाकायचा. बाईंना हे सोंग वाटे. पण फोटो पाठवावे लागत, म्हणून त्या झाडाशेजारी उभ्या राहत.

या वर्षी मात्र झाड लावायला भिंतच राहिली नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचा पाइप भिंतीच्या आत फुटला आणि वाचनालयाची एक बाजू वरपासून खालपर्यंत ओली झाली. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सुट्टीत भिंत फोडून दुरुस्त करायची ठरवली.

“पुस्तकं पोत्यात भरून सायकलींच्या शेडमध्ये ठेवा,” त्या म्हणाल्या.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पूर्वी एकदा जुनी मासिकं अशीच शेडमध्ये ठेवली होती. पोतं उघडलं तेव्हा आत वाळवी सुखाने नांदत होती आणि मासिकांचा भुगा झाला होता.

त्या संध्याकाळी जेवताना बाईंचा घास घशाखाली उतरेना. नवऱ्याने ते बघितलं. तो पाणी प्याला आणि सहज म्हणाला, “अगं, घरात माणसं मावेनाशी झाली की आपण काय करतो? शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवतो की नाही? तसं पाठव.”

बाई हातातला घास तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या बाईंना सांगितलं की यंदाचा नववर्षाचा उपक्रम ठरला आहे. सगळी पुस्तकं मुलांच्या घरी सुट्टीला पाहुणी जातील. मोठ्या बाई आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या.

“एकही परत येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“येतील.”

“आणि नाही आली तर?”

बाईंच्या तोंडातून शब्द गेला तो गेलाच. “तर खोली तुमची.”

मोठ्या बाईंना ती खोली केव्हापासून हवी होती. मोडके बाक, जुन्या फायली, सगळं व्हरांड्यात पडलेलं असायचं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी शेवटची घंटा व्हायच्या आत कपाटं होती तशी भरलेली दिसली पाहिजेत. एक फट दिसली तरी मी बाक आत आणणार. उरलेली पुस्तकं रद्दीत. तुम्ही ऑफिसात टायपिंगला.”

वाटपाच्या दिवशी बाई रजिस्टर उघडून, पेन्सिलीला टोक करून बसल्या होत्या. तेवढ्यात गवंडी एक दिवस आधीच हजर झाला आणि म्हणाला, “बाई, आज नाही तर मग मी थेट महिन्याने.” हातोडा त्याच्या खांद्यावर होता. बाईंनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा रजिस्टराकडे, आणि रजिस्टर मिटलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी नोंदीशिवाय पुस्तक दिलं. एका टेबलावर त्या देत होत्या, दुसऱ्यावर शिपाईमामा. कपाटं हलवता यावीत म्हणून कुलूपवाला नवरा दारांवरून कुलपं उतरवत होता. मुलांच्या रांगा पार पटांगणापर्यंत गेल्या होत्या.

“ऐका रे,” बाई खुर्चीवर चढून म्हणाल्या. “हे पुस्तक तुमच्या घरी पाहुणं येतंय. त्याला दप्तरात कोंडायचं नाही. घरातल्या सगळ्यांशी ओळख करून द्यायची. पाहुण्यासारखं वागवायचं. नवं वर्ष लागलं की त्याचा मुक्काम संपला. कळलं?”

“होऽऽ!” अख्खं पटांगण ओरडलं. आणि त्या दिवशी बाई शू म्हणायला विसरल्या.

सुट्टी बाईंना खायला उठली. जीव टांगणीला लागला होता. बाजारात निघाल्या की पाय आपोआप मुलांच्या गल्ल्यांकडे वळत आणि नजर खिडक्यांमधून आत शिरे. एका पायरीवर एक म्हातारे आजोबा नकाशांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले दिसले. ते बोट फिरवत एका देशातून दुसऱ्या देशात चालले होते आणि ओठ हलत होते. ‘बोटाला थुंकी लावू नका’ असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं. पण आजोबांचा चेहरा बघून त्या तशाच पुढे गेल्या. ते पुस्तक इतकी वर्षं काचेआड होतं आणि कुणी बोटानेही दाखवलं नव्हतं, हे त्यांना घरी पोचल्यावर आठवलं.

नवं वर्ष उजाडलं. वाचनालयाची भिंत कोरडी, रंगाचा वास ताजा, कपाटं पुसून लख्ख आणि रिकामी. बाई दारात उभ्या राहिल्या. घंटा झाली, फाटक उघडलं आणि मुलं आत आली.

सगळी हात हलवत आली.

एकाच्याही हातात पुस्तक नव्हतं. बाईंनी दप्तरं उघडायला लावली. डबे निघाले, वह्या निघाल्या, एकातून भोवरा निघाला. पुस्तक नाही. मोठ्या बाई व्हरांड्यातल्या मोडक्या बाकांजवळ उभ्या होत्या.

“अरे, पुस्तकं कुठायत?” बाईंचा आवाज फाटला.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. “घरी आहेत, बाई.”

“मग आणली का नाहीत?”

“आई म्हणाली, पाहुण्याला आपण होऊन जा म्हणायचं नसतं. त्यांच्याकडचं कुणीतरी न्यायला येतं, मग पाठवायचं.”

“माझी आजी पण हेच म्हणाली,” दुसरा म्हणाला. “आम्ही वाट बघतोय ना, बाई. तुम्ही कधी येताय?”

पाहुणं हा शब्द बाईंनी मुलांना समजावं म्हणून वापरला होता. अख्ख्या वस्तीने तो खरा धरला होता.

मोठ्या बाई म्हणाल्या, “झालं? आता घरोघर जाणार का?”

“जाणार,” बाई म्हणाल्या. शाळेच्या वेळात त्यांनी आजवर ती खोली सोडली नव्हती. आता त्यांनी पदर खोचला आणि फाटकाकडे निघाल्या. मागे मुलांची रांग लागली. शिपाईमामाने भाजीवाल्याकडून दोन हातगाड्या मागून आणल्या. मोठ्या बाईही आल्या. खात्री करून घ्यायला, असं त्या म्हणाल्या.

पहिलं घर शिंप्याचं होतं. बाई दारात उभ्या राहिल्या आणि काय म्हणावं ते त्यांना कळेना. मग त्या म्हणाल्या, “पाहुण्याला न्यायला आलेय.”

“या या, बसा!” शिंप्याची बायको लगबगीने आत गेली आणि कवितांचं बारकं पुस्तक घेऊन आली. त्याला अस्तराच्या कापडाचा नवा कोरा अंगरखा होता, दोन बटणांचा. “थंडीत आलं होतं,” ती म्हणाली. “आणि रिकामं कसं पाठवायचं?”

बाईंनी बटण काढून बघितलं, परत लावलं. काजं हाताने शिवलेली होती. शिवणाच्या बाईंच्या जागी काम केलेल्या बाईला त्यामागची मेहनत बघताक्षणी कळली.

न्हाव्याच्या दुकानात प्राण्यांचं पुस्तक आरशाखालच्या फळीवर उघडं मांडून ठेवलेलं होतं. गिऱ्हाईक दाढीचा फेस लावून बसलं की त्याला वाघ दोनदा दिसे, एकदा समोर आणि एकदा आरशात. गिऱ्हाइकं म्हणे दाढी झाल्यावरही उठत नव्हती. “रोज एक पान उलटायचो,” न्हावी म्हणाला. “हत्ती बघायला लोक दुसऱ्या दिवशी परत यायचे. दाढी वाढलेली नसायची, तरी यायचे.”

नर्सच्या घरी गोष्टींचं पुस्तक नव्हतंच. तिच्या मुलाने सांगितलं, ते आईबरोबर दवाखान्यात गेलंय. पाहुण्याला चार ठिकाणं दाखवायला नकोत का? वॉर्डात ती रोज एक गोष्ट वाचायची. एका पेशंटला घरी सोडलं तरी तो पुढची गोष्ट ऐकून जातो म्हणून थांबला होता. मुलाने पळत जाऊन पुस्तक आणलं ते औषधांचा वास घेऊन. बाईंनी नाकाजवळ धरलं आणि पुसलं नाही.

मग दोन भावांचं घर आलं. दोघांत मोठा अबोला, अंगणात मधे भिंत, हे गावाला माहीत होतं. पुस्तक धाकट्याच्या मुलाने नेलं होतं. पण धाकटा म्हणाला, “आज ते दादाकडे आहे. आमच्याकडे पाहुणा आला आणि त्यांच्याकडे गेला नाही, तर बरं दिसत नाही ना.” बाई भिंतीला वळसा घालून पलीकडे गेल्या, तर थोरला पुस्तक हातात घेऊन दारातच उभा होता. “त्याला सांगा,” तो म्हणाला, आणि थांबला. मग भिंतीवरून स्वतःच हाक मारून म्हणाला, “अरे, शेवट वाचलास का तू?” मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला.

एका घरात एक आजी होती, जिला अक्षर ओळखता येत नव्हतं. तिने पुस्तकासाठी पाट मांडला होता. रोज जेवताना ताट वाढायचं, पुस्तक शेजारी ठेवायचं आणि नातीने त्यातलं वाचून दाखवायचं. मगच घरातल्यांनी जेवायचं. नात हळू आवाजात म्हणाली, “मी आजीला सांगितलं, बाई, पुस्तक जेवत नाही. ती म्हणाली, तू वाच, ते जेवतंय.” आजीने पुस्तकावरून हात फिरवला, कडेवरचं पोर द्यावं तसं ते बाईंच्या हातात दिलं आणि विचारलं, “पुढच्या वर्षी धाडाल ना?” बाईंनी मान डोलावली.

घरामागून घर होत गेलं. हातगाड्या भरत गेल्या. बाईंना वाटत होतं, आपण या पुस्तकांना ओळखत होतो म्हणजे काय ओळखत होतो? क्रमांक, जागा, कुठल्याची शिवण उसवली आहे ते. एवढ्या घरांत ही इतक्या लोकांना हवीशी होतील, हे आपल्याला कधी दिसलंच नव्हतं. त्या गल्लीतून चालताना पुन्हा पुन्हा मागे वळून गाड्यांकडे बघत होत्या. एवढं मोठं काहीतरी आपल्या कमरेच्या जुडग्याला लटकलेलं होतं, याची त्यांना भीती वाटली आणि नवलही वाटलं.

दुपार कलली तेव्हा पुस्तकं वाचनालयात आली. मुलं रांगेने देत होती आणि बाई लावत होत्या. अंगरख्यातलं, औषधांच्या वासाचं, आजीच्या पाटावरचं. कपाटं भरली. मोठ्या बाई एकेक फळीवरून नजर फिरवत चालल्या आणि पहिल्या कपाटापाशी थांबल्या. वरच्या फळीवर एक जाड फट होती.

बाईंना बघावंही लागलं नाही. निळं पुस्तक.

“हे कुणाकडे गेलं?” त्यांनी विचारलं. कुणीच हात वर केला नाही. नोंद नव्हती. सगळी वस्ती पालथी घातली आणि एका पुस्तकासाठी सगळंच जाणार.

शिपाईमामा कान खाजवत पुढे आला. “बाई, ते माझ्या टेबलावरून गेलं. रांगेत मुलांच्या मागे कुलूपवाले उभे होते. मी म्हटलं, तुम्हीपण? तर म्हणाले, आमच्या घरीही येऊ दे की कुणीतरी.”

पुस्तकं लावताना कमरेचा काढून ठेवलेला जुडगा बाईंनी उचलला नाही. त्या तशाच निघाल्या. शाळेसमोरचा रस्ता ओलांडला की दुकान. मागोमाग मुलं, शिपाईमामा, मोठ्या बाई, सगळे.

दुकान म्हणजे एक अरुंद खोपटं. तारेला किल्ल्यांच्या माळा, कोपऱ्यात कानस आणि तेलाचा डबा. फळीवर कपाटांची सगळी कुलपं साफ करून ओळीने ठेवलेली. कुलूपवाला चौथीतच शाळेतून निघालेला माणूस. निळं पुस्तक त्याने स्वच्छ फडक्यावर ठेवलं होतं, तेलकट बोटं लागू नयेत म्हणून एका बारीक किल्लीचं टोक ओळीखाली सरकवत होता आणि एकेक शब्द ओठांत जुळवत होता. एवढी गर्दी बघून तो दचकला.

“पाहुण्याला न्यायला आलेय,” बाई म्हणाल्या.

“दीडच पान राहिलंय गं,” तो म्हणाला. “जहाज अजून किनाऱ्याला लागायचंय. पण असू दे, ने. तुझी वेळ झाली असेल.” आणि त्याने पुस्तक मिटायला हात उचलला.

इतकी वर्षं हा माणूस आपल्या शेजारी जेवला, झोपला. त्याला हे हवं होतं, हे आपल्याला माहीत होतं, आणि आपण एकदाही विचारलं नाही. बाईंना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी त्याचा हात पुस्तकावरून बाजूला केला, पान पुन्हा उघडलं आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या.

“वाचा,” त्या म्हणाल्या. “सावकाश वाचा.”

तो वाचू लागला. मागे मुलं कुजबुजू लागली. मोठ्या बाईंनी घड्याळ बघितलं. “अहो, शेवटच्या घंटेची वेळ झाली.”

“घंटा मीच देतो, बाई,” शिपाईमामा म्हणाला. “मी तर इथे आहे.”

मोठ्या बाई काहीतरी बोलणार होत्या. शूबाई मागे वळल्या, ओठांवर बोट ठेवलं आणि अख्ख्या शाळेला, मोठ्या बाईंसकट, म्हणाल्या, “शू.”

रस्ता गप्प झाला. कुलूपवाल्याने किल्लीचं टोक पुढच्या ओळीखाली नेलं.